बोलीचा माल

"म्हणजे गिऱ्हाईक स्वतः चालत आलं होतं, आणि तरीही तुम्ही बोकड विकले नाहीत?" रेल्वेच्या वकिलांनी विचारलं.

"न्हाई इकले," थावरा म्हणाला आणि लग्नात मानाचा फेटा बांधून घेतल्यासारखा ताठ उभा राहिला.

साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा हा थावरा. हैदराबादच्या ईदेच्या बाजारासाठी त्याने हिंगोली स्टेशनावर बोकड चढवले आणि स्वतःही त्याच डब्यात बसला. वाटेत एका जंक्शनात डबा गाडीपासून तोडून बाजूच्या रुळावर लावला, आणि मग त्याची आठवण कुणालाच राहिली नाही. पत्रा तव्यासारखा तापलेला. थावरा धोतर भिजवून बोकडांच्या अंगावर टाकी आणि उरल्या वेळात त्यांना आपल्या आज्याच्या गोष्टी सांगे. आजा लमाण, बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा. त्याच्या बैलांच्या घंटा ऐकल्या की म्हणे कयाधूचा पूर ओसरायचा. पुराने ही गोष्ट अजून तरी नाकारलेली नाही.

डबा पोचला तेव्हा ईद होऊन गेली होती. म्होरक्या बोकड वाटेतच मेला; बाकीचे वाळून पडेल भावात गेले. थावराने न्यायाधिकरणात दावा लावला. रेल्वेचं म्हणणं एकच: जंक्शनातच एक व्यापारी चांगला भाव देत होता. तिथे विकले असते तर नुकसानच झालं नसतं. मग भरपाई कसली?

"का नाही विकले?" आता खुर्चीवरच्या साहेबांनीच विचारलं.

निघताना पारुबाईने नवऱ्याला बजावलं होतं, "तिथं आज्याचं पुराण लावू नगा. नुसतं व्हय-न्हाई म्हणा."

"साहेब," थावराने पुराण लावलं, "हैदराबादच्या माणसाला जबान दिलती. बोलीचा माल वाटेत इकत न्हाईत. माझ्या आज्याच्या बैलांवर मिठाची पोती, अन् आजी रस्ताभर अळणी रांधायची. पर पोत्याचं तोंड सोडलं न्हाई."

वकील हसले. "ही बैलांची गोष्ट झाली. आपण रेल्वेचं बोलतोय."

"मी बी तेच बोलून राहिलो, वकीलसाहेब. रूळ आले अन् आमच्या बैलांचं काम गेलं. त्याची तक्रार न्हाई. पर आमचा धंदा घेतला त धंद्याची रीत बी घ्या ना! माल तुमच्या हवाली केलता. म्या वाटेत सोडला न्हाई, तुमी काहून सोडला?"

त्या वेळी डोक्यावरचा पंखासुद्धा फिरायचा थांबला, असं थावरा आजही सांगतो. तसा तो सकाळपासूनच बंद होता.

निकाल लागला: उशीर रेल्वेचा, जबाबदारीही रेल्वेची. म्होरक्याचीसुद्धा.

पुढच्या ईदेला थावरा पुन्हा बोकड घेऊन हिंगोली स्टेशनावर हजर. पारुबाई पोचवायला आलेली. बुकिंगच्या बाबूने कपाळाला हात लावला. "आजोबा, एवढं होऊन परत रेल्वेनंच?"

"मंग? आता तिला रीत ठावी झाली."

"गाडीला बी गोष्टी सांगत बसा आता," पारुबाई म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

म्होरक्याच्या जागी यंदा एक कोवळा बोकड होता. थावराने पिशवीतून आज्याच्या बैलाची पितळी घंटा काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि त्याच्या गळ्यात बांधली. घंटा त्याच्या गुडघ्यांवर आपटत होती. पण डब्यात चढेपर्यंत त्याने मान खाली घातली नाही.