कोरडी बशी

"घरी गेल्यावर मणके मोजून घेतो. सगळे जागेवर आहेत की एखादा गाडीतच राहिला, देव जाणे," चाचणीचा ड्रायव्हर पुटपुटला. दोन्ही हात दाराच्या चौकटीला, एक पाय बाहेर, दुसरा अजून आतच.

"हळू बोला," शेजारी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या. "भाचा आहे तिकडे."

"म्हणून तर पुटपुटलो. नाहीतर बोंब मारली असती."

मावशी म्हणजे गाद्या-विभागाच्या मुख्य. गाडीच्या सीटांचं कातडं बेतण्यात आणि शिवण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. सख्खा भाचा तेवढा 'मॅडम' म्हणे. तो या नव्या गाडीचा मुख्य इंजिनिअर. बहीण गेल्यावर मावशींनीच त्याला वाढवलेलं. घरी त्यांच्या ताटातलं उचलून खाणारा हा मुलगा कारखान्याच्या फाटकातून आत शिरला की परक्यासारखी मान लववायचा. मावशींना त्याचं हसू यायचं, आणि थोडं लागायचंही.

कंपनीने साठ वर्षं ज्यांना कुठेच पोचायची घाई नाही अशा माणसांसाठी गाड्या केल्या. आत बसलं की जग कापसात गुंडाळल्यासारखं. हॉर्नसुद्धा असा, की कुणी अदबीने खाकरावं. पण गिऱ्हाइकं म्हातारी झाली, त्यांची मुलं दुसऱ्या कंपनीच्या डरकाळ्या फोडणाऱ्या गाड्या घेऊ लागली, आणि मालकांच्या मुलाच्या, धाकट्या साहेबांच्या अंगात वेग संचारला. "आपणही पळायचं," ते म्हणाले. ते स्वतः ऑफिसचा जिना चढताना दोनदा थांबत, पण ते असो.

पळायचं ठरलं, तरी हातचं काही सोडवेना. इंजिन दुप्पट ताकदीचं आलं, पण गालिचा तोच, घोटा बुडेल असा. नक्षीच्या लाकडी फळ्या त्याच, आवाज अडवणारे नमद्याचे सात थर तेच. शालजोडी पांघरून शर्यतीत उतरण्यातला प्रकार. वळणावर हे सगळं ओझं कलंडू नये म्हणून स्प्रिंगा इतक्या कडक केल्या, की रस्त्यावरचा खडा न् खडा सीटमधून मोजता यावा. वर नमद्यातून इंजिनाचा आवाज आत येईना. जाहिरातवाला म्हणाला, आवाजाशिवाय वेग विकला जात नाही. मग छतात स्पीकर बसवून त्यातून डरकाळी सोडली. ती जरा उशिराच यायची. गाडी थांबून माणूस उतरायला लागला, तरी छत आपलं गुरगुरतंय.

आता खरा पेच होता कपाचा. थोरल्या साहेबांनी कंपनी काढली तेव्हा एक नियम घालून दिला होता. नवी गाडी बाजारात जाण्याआधी गाद्या-विभागातल्या सगळ्यात जुन्या माणसाने मागच्या सीटवर बसायचं. तळहातावर बशी, बशीत चहाने काठोकाठ भरलेला कप. आवाराला तीन फेऱ्या. बशी कोरडी राहिली तर तोच चहा सगळ्यांसमोर प्यायचा आणि वहीत सही करायची. मावशींनी अकरा गाड्यांना सही दिली होती, दोन तोंडावर परत पाठवल्या होत्या. त्यांच्या सहीवर कुणी 'का' म्हटलं नव्हतं.

नव्या गाडीत पहिल्याच वळणावर चहा मावशींच्या ॲप्रनवर आला. लगेच बैठक बसली. गाडीचं काय करायचं यावर नाही, कपाचं काय करायचं यावर. अर्धा कप ठरला. तोही सांडला. मग झाकण आलं. ते उडून ड्रायव्हरच्या मानगुटीवर बसलं. शेवटी जाहिरातवाल्याने तोड काढली. "नियमाचं नाव काय? कपाची चाचणी. चहाची म्हटलंय कुठे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं.

त्या रिकाम्या कपाच्या फेऱ्या आज होत्या, आणि बघायला थोरले साहेब स्वतः येणार होते. सकाळी भाच्याने पोळी नुसती कुसकरली. "आज सही झाली नाही तर गाडी बंद, मावशी. चार वर्षं घातलीत मी. पुन्हा कुणी माझ्या हातात गाडी देणार नाही."

"तू मागितलंस आणि मी दिलं नाही, असं कधी झालंय?" मावशी बोलून गेल्या. मग उगाचच ओटा पुसत बसल्या.

ड्रायव्हर कसाबसा बाहेर आला होता तो सरावाच्या फेरीतून. आता तो कण्हत पुन्हा आत शिरला. मागे मावशी बसल्या. तीन फेऱ्यांत त्यांचे दात वाजले, कप बशीवर टाळ्या पिटाव्यात तसा खडखडला. गाडी थांबली. त्या उतरल्या, आणि मागे छत गुरगुरत राहिलं.

थोरले साहेब आवारात खुर्चीवर बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये. "बशी?"

"कोरडी," मावशी म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

टाळ्या झाल्या. धाकट्या साहेबांनी वही उघडून धरली.

"आधी प्या," थोरले साहेब म्हणाले. "निवतोय चहा."

टाळ्या विरल्या. कपाचा एवढा खल झाला, पण पिण्याचं कुणाच्या ध्यानीच आलं नव्हतं. धाकटे साहेब बूट न्याहाळू लागले. जाहिरातवाल्याला एकाएकी फोन आला, न वाजताच. थोरल्या साहेबांना खुर्चीतून कपाच्या आतलं दिसत नव्हतं. बाकी सगळ्यांना दिसत होतं.

मावशींनी भाच्याकडे पाहिलं. चार वर्षांचा होता तेव्हा खेळण्यातल्या कपातून असाच रिकामा चहा आणून द्यायचा. समोर मांडी घालून बसायचा आणि विचारायचा, गोड झालाय का? त्या भुरका मारून म्हणायच्या, झालाय.

त्यांनी कप उचलला आणि ओठांना लावला. घोट घेतला, आवाजासकट. मग दुसरा.

"साखर?" थोरल्या साहेबांनी विचारलं.

"बेताची आहे."

कप बशीत ठेवून त्यांनी पेन घेतलं. छत्तीस वर्षांत त्यांचा हात कातड्यावर कधी चळला नव्हता. आता पेनाचं टोक कागदावर टेकेना.

भाचा पुढे आला. त्याने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं, आणि कारखान्याच्या आवारात, सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदाच म्हणाला, "राहू दे, मावशी. कप रिकामा आहे." मग थोरल्या साहेबांकडे वळला. "आणि ही गाडी आम्हाला जमलेली नाही."