रूपाची सुटका

अंबादासच्या टांग्याच्या घोडीला, रूपाला, जुंपायच्या पट्ट्याखाली जखम झाली होती. हे त्याला ठाऊक होतं. तो हळद-तेल लावायचा, वर फडकं बांधायचा आणि तिला पुन्हा जुंपायचा. लग्नसराईपुरतं निभेल, असं त्याला वाटायचं.

निभलं नाही. एका दुपारी चढावर रूपाने गुडघे टेकले. कुणीतरी फोन केला आणि पशुवैद्य विनता आली. तिने फडकं उचलून जखम पाहिली.

"अंबादासजी, असं असताना काहून जुंपली?"

"घरी बसवून तिला काय खाऊ घालू, मॅडम?"

त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. रूपाला शहराबाहेर पनागरकडच्या पशुआश्रयात नेलं. अंबादासला राग आला नाही, लाज वाटली.

खटला लांबला. मधल्या काळात शहर स्वच्छ करायचं म्हणून टांगे बंद झाले आणि बॅटरीच्या रिक्षा आल्या. टांगाअड्ड्यामागचा, रूपा जिथे राहायची तो तबेला पाडून तिथे रिक्षा चार्ज करायची सोय झाली. अंबादासही दुसऱ्याची रिक्षा चालवू लागला.

शेवटी न्यायाधीशांनी समज देऊन घोडी परत न्यायला सांगितलं. आश्रयात रूपाने त्याला लांबूनच ओळखलं आणि त्याच्या काखेत तोंड खुपसलं. जखमेवर नवे केस उगवले होते.

"छान बरी झाली," विनता म्हणाली. "आता कामाला लावू नका."

"नेऊ कुठं हिला? राहू द्या ना इथंच."

"रस्त्यावरची जनावरं रोज येऊन राहिली, अंबादासजी. उभं करायला जागा नाही. मी तिला सोडवू शकले, पुढचं माझ्या हातात नाही."

तो रूपाला चालवत घरी घेऊन आला. दोन खोल्यांसमोरच्या गल्लीत ती मावेना. शेजारी कुरकुरले. बायको इंदू स्वतःच्या ताटातल्या पोळ्या रूपाला घालत राहिली. आठवडाभराने तिलवाऱ्यापलीकडच्या वीटभट्टीवरचा बळीराम तिला मागायला आला.

"हलकंच काम हाय," तो म्हणाला.

अंबादासने भट्टीवरची, विटा ओढून खंगलेली जनावरं पाहिली होती. तरी त्याने दोर बळीरामच्या हातात दिला. रूपा वळून वळून पाहत गेली.

पावसाळ्यानंतर विनता एकदा त्याच्याच रिक्षात बसली.

"रूपा कशी आहे?"

"बरी हाय."

"कुठे ठेवली?"

अंबादासने समोर पाहत रिक्षा चालवली. विनता काय ते समजली. दवाखान्यापाशी उतरून तिने भाडं दिलं. मग आत गेली.