मागच्या दाराची मूठ

कारखान्यात तिला सगळे दारवाली म्हणायचे. नव्या छोट्या इलेक्ट्रिक एसयूव्हीची चारही दारं तिच्या हाताखालून गेली होती; बिजागऱ्या, रबरी पट्ट्या, काच खाली-वर करणारी मोटर, सगळं. गाडी देखणी झाली होती यात वाद नाही. बाहेरच्या मुठी पत्र्यात लपलेल्या, हात जवळ नेला की आपोआप पुढे येणाऱ्या. आत एकही बटण डोळ्यांत खुपणार नाही, सगळं त्या लांबलचक पडद्यावर.

मागच्या दारांना आतून ओढायची साधी मूठ तिने आखली होती. वीज गेली तरी दार उघडावं म्हणून. डिझाइनप्रमुखाने ती काढायला लावली. मुठीमुळे दाराची रेघ तुटते, म्हणाला. ऊठसूट रेघेबद्दल बोलायचा म्हणून कारखान्यातल्या पोरापोरींनी त्याचं नाव रेघोट्या ठेवलं होतं. मुठीऐवजी दाराच्या कप्प्यात, रबरी चटईखाली, एका प्लास्टिकच्या झाकणाआड, ओढली की दार उघडेल अशी तार ठेवायचं ठरलं. दारवाली तीन आठवडे भांडली, मग दमली आणि नकाशावर सही करून मोकळी झाली.

कुटुंबीयांना कारखाना दाखवायचा दिवस होता तेव्हा ती वडिलांना घेऊन आली. वडील शिंपी, चाळीस वर्षं कात्री चालवून बोटं वाकडी झालेली, गुडघे धरलेले. लेकीने केलेल्या दारातून आत बसायचं म्हणून इस्त्रीची पँट घालून आले होते. ते मागच्या सीटवर टेकले, तिने दार लावलं आणि ती पाणी आणायला गेली.

तेवढ्यात गाडी मेली. सकाळपासून दिवे आणि पडदा चालू ठेवल्यामुळे कुलपांना वीज देणारी छोटी बॅटरी संपली होती. बाहेरच्या मुठी पत्र्यातच राहिल्या, आणि मागच्या सीटवरून पुढे सरकायला वाट नव्हती. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली, आणि ते बॉनेटही विजेवरच उघडणारं. दारवाली धावत आली तेव्हा वडील काचेवर हात आपटत होते. गाडी उन्हात उभी होती. जाड काचेतून आवाज जाईना. तिने खुणा करून सांगितलं, कप्पा, चटई, झाकण. त्यांनी चटई काढली, पण झाकणाच्या फटीत त्यांची बोटं शिरेनात.

तिने पाना उचलला. रेघोट्याने तिचा हात धरला. "काच फोडू नका. ही एकच गाडी तयार आहे. दोन मिनिटांत उघडतो."

आणि ती थांबली.

चाकाच्या वरच्या पोकळीतून मेकॅनिकने हात घालून बॅटरीला बाहेरची वायर जोडेपर्यंत एकोणीस मिनिटं गेली. वडील बाहेर आले ते घामाने निथळत, आणि पँट पुढून ओली. पाणी सांडलं, असं ते सगळ्यांना सांगत होते. त्यांच्या हातात पाण्याचा ग्लासच नव्हता. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

घरी तिने न राहवून सांगून टाकलं, की मूठ काढायच्या कागदावर तिचीच सही आहे. वडिलांनी पँट बादलीत बुडवली. मग म्हणाले, "चुकीची शिवण घातलीस. आता जा आणि उसव."

सोमवारच्या बैठकीत अहवाल वाचला गेला: प्रवाशाला सूचनांची माहिती नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आवाज चढवला नाही. संचालकबाईंना म्हणाली, खाली चला, पाच मिनिटांचं काम आहे. रेघोट्याला तिने मागच्या सीटवर बसायची विनंती केली. तो हसत बसला. झाकण कुठे आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने दार लावलं, पुढचं बॉनेट आधीच उघडून ठेवलं होतं तिथून बॅटरीची वायर काढली आणि मुठीत घट्ट धरली.

झाकण त्याला लगेच सापडलं. उघडलं मात्र नाही. फट केसाएवढी हवी असा हट्ट त्याचाच होता. त्याने नख घातलं, नख तुटलं. पेन घातलं, पेन मोडलं. चौथ्या मिनिटाला त्याचा टाय सैल झाला, सहाव्याला त्याने खांद्याने दाराला धडक दिली. जमलेल्यांतलं आज कोणी हसत नव्हतं.

"पुरे आता, उघडा," संचालकबाई म्हणाल्या.

"एकोणीस मिनिटं व्हायचीत अजून."

"मी सांगतेय तुम्हाला."

"माझे वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत," ती म्हणाली. "त्यांच्या वेळी कोणी पुरे म्हटलं नाही. मीसुद्धा नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. दहाव्या मिनिटाला मेकॅनिकने हळूच तिच्या हातातून वायर सोडवून घेतली आणि पुन्हा जोडली.

मागच्या दारांना मूठ आली. पिवळीजर्द, अंधारातही दिसेल अशी. रेघोट्याने ती राखाडी करायची खटपट केली, पण बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. दारवालीला पत्र मिळालं: सहकाऱ्याला कोंडल्याबद्दल लेखी माफी मागावी. तिने वडिलांची माफी कोण मागणार एवढं एकच वाक्य लिहून ते परत केलं. महिन्याभरात तिची बदली बसच्या सीटा बनवणाऱ्या विभागात झाली.

गाडी बाजारात आली तेव्हा रेघोट्या मंचावरून पिवळ्या मुठीचं कौतुक करत होता. नव्या विभागातल्या पडद्यावर ते दाखवत होते. प्रवाशाची काळजी हाच आमचा पहिला विचार, असं तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. दारवालीने दातओठ खात पडदा बंद केला आणि समोरच्या सीटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. तो अडकत होता. तिने सीटच्या नकाशावर लाल पेनाने फुली मारली आणि सही न करता तो परत पाठवला.