हिरवळीसाठी पाण्याची तपासणी

छगनने अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या त्या रविवारी मी जळगावहून घरी आले होते. आमचं घर यावलजवळ, केळीच्या बागांमध्ये. नवा बंगला बांधून वर्ष झालं होतं, पण पुढची चाळीस बाय तीस फुटांची जागा उघडीच होती. आबांना तिथे लॉन हवं होतं, कडेने गुलाब, आणि सगळं दिवाळीच्या आत. दिवाळीनंतर भुसावळची माणसं येणार होती. आपल्या मुलीसाठी ती माझ्या भावाला, लीलाधरला, बघणार होती.

लीलाधरची बायको लता तेव्हा घरातच होती. चर खणणाऱ्या माणसांना पाणी तीच नेऊन देत होती.

दसऱ्याला तिला पहूरला माहेरी पोचवायचं आणि परत आणायचं नाही, असं ठरलं होतं. तिचा मुलगा एप्रिलमध्ये गेला. सत्तेचाळीस दिवसांचा होता. तिला दूध उतरलं नाही म्हणून तो डब्याच्या दुधावर होता. पाचव्या आठवड्यात त्याचे ओठ निळसर दिसायला लागले, मग नखं. डॉक्टर म्हणाले, हृदयाला छिद्र असेल. सुईने काढलेलं रक्त चॉकलेटसारखं दिसत होतं, असं लीलाधर मला तेव्हा म्हणाला होता. मी ऐकलं आणि सोडून दिलं. आईने मात्र एकच धरून ठेवलं, की जिच्या अंगाला दूध नाही तिच्या पोटचं टिकणार नाही.

डब्याच्या दुधाबद्दल लताने मलाच पत्र लिहून विचारलं होतं. घरात रसायनशास्त्र शिकलेली मीच. मी एका पानावर नंबर घालून उत्तर दिलं होतं. हात साबणाने धुवावे, बाटली उकळावी, पाणी वीस मिनिटं खळखळ उकळावं. ते पान तिने ओट्यामागच्या भिंतीला खळीने चिकटवलं होतं. अजून तिथेच होतं.

छगन धुळ्याकडचा. ठिबकची कामं करत गावोगाव फिरायचा. "आबा, पहिले नळ्या, मंग गवत," तो म्हणाला. "गवत लागी गये ते मंग खनता येवाव नही. आनि पानी तपासी ल्या. जड पानी व्हई ते बठ्ठा ड्रिपर बुजाई जातीन."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "सुमन, तू ने बाटली. कॉलेजात दिवसभर बाटल्याच तर हालवते ना व तू."

मी विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरून नेलं. विहीर गोठ्याच्या मागे, उकिरड्यापासून पंधरा पावलांवर. तिच्या तिन्ही बाजूंना केळी आणि केळीला वर्षानुवर्षं युरिया. हे सगळं मी लहानपणापासून बघत आले होते.

ठिबकसाठी करायच्या तपासण्या ठरलेल्या असतात. क्षार, कॅल्शियम, क्लोराइड, लोह. पाणी जड होतं, पण फार नाही. महिन्यातून एकदा नळ्यांतून ॲसिड सोडलं असतं तर भागलं असतं. त्याच आठवड्यात मुलांना नायट्रेटचं प्रात्यक्षिक होतं. नमुना हाताशी होता, म्हणून मी आमच्या विहिरीचं पाणी घेतलं. या तपासणीत शेवटी पिवळा रंग येतो आणि नायट्रेट जितकं जास्त तितका तो गडद असतो. आमच्या पाण्याचा रंग इतका गडद आला की यंत्रावर मोजता येईना. दहापट पातळ करून पुन्हा केलं. लिटरला दोनशे दहा मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात पंचेचाळीसपर्यंत चालतं.

मुलं निघून गेल्यावर मी ते तिसऱ्यांदा केलं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असं पाणी दुधातून गेलं तर त्याच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ निळे पडतात, रक्त चॉकलेटी होतं. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून देत होते. त्यापुढची ओळही मला ठाऊक होती. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते आणि ते मागे राहतं.

छापील फॉर्मवर नायट्रेटचा रकाना नव्हता. मी खाली पेनाने आकडा लिहिला. उकळण्याबद्दल लिहायची गरज नव्हती. पुढच्या रविवारी बसमध्ये तो कागद मांडीवर ठेवून मी तेवढाच विचार करत होते. लताचा दोष नाही एवढं सिद्ध व्हायला आकडा पुरेसा होता. बाकीचं फक्त मला माहीत होतं.

अंगणात चर खणून झाले होते, काळ्या नळ्यांची वेटोळी कडेला पडली होती. आबा खुर्चीवर, लीलाधर पायरीवर, आई दारात. लता माठातून पाणी काढत होती. मी उभ्यानेच आकड्याचं सांगितलं, उकळण्याचं नाही.

"आम्ही बी हेच पानी पितो ना व," आई म्हणाली. "आम्हाले काय झालं?"

"मोठ्यांना होत नाही. तान्ह्या बाळालाच होतं."

"म्हणजे विहिरीनं मारलं?" आबा म्हणाले. "माझ्या बापानं खंदलेल्या विहिरीनं?"

"विहिरीत जे झिरपलं त्याने. युरिया आणि उकिरडा."

लीलाधरने मान वर केली. "मंग हिचा दोष नही?"

"नाही. दुधाचा नाही, रक्ताचा नाही, कशाचाच नाही."

आबांनी कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला, घडी करून खिशात ठेवला. "लीलाधर, दसऱ्याला नको पोचवू तिले," ते म्हणाले. "भुसावळवाल्याले मी सांगतो काय सांगायचं ते."

हेच व्हावं म्हणून मी आले होते. तिथे थांबता आलं असतं.

"ताई," लता म्हणाली. तांब्या तिच्या हातातच होता. "उकळल्यावर तर जात असंन ना ते?"

ती थेट माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "पाणी उडतं. ते राहतं."

"मंग वाढतं."

"हो."

"तुम्ही वीस मिनिटं लिहिली होती. मी पाऊण तास उकळायची. अर्धं होईस्तोवर. मंग दुप्पट ना?"

"हो. वीस मिनिटं उकळलं तरी वाढतंच. मी चुकीचं लिहिलं होतं, लता."

तिने तांब्या माठावर उपडा ठेवला आणि आत गेली. नळीला भोकं पाडत बसलेल्या छगनने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आबा, गवतले हाई पानी चांगलंच शे. खत टाकानं काम नही."

त्याचं बरोबर होतं.

सोमवारी पहाटे लता एक पिशवी घेऊन निघाली. आबा फाटकापर्यंत गेले. "आता कोनी काही म्हननार नही तुले," ते म्हणाले. ती त्यांच्या पाया पडली. लीलाधरने पिशवी धरली होती, ती तिने त्याच्या हातातून काढून घेतली.

"मीच पाजलं त्याले," ती म्हणाली. "त्या ओट्यापुढे मले उभं राहता येनार नही."

मी लिहून दिलेलं सगळं तिने केलं होतं, आणि जास्तच केलं होतं.

नऊ वाजता छगनने गाळणी बसवली आणि पंप चालू केला. चर अजून बुजवले नव्हते, त्यामुळे सगळं दिसत होतं. आधी हवा फुसफुसली, मग एकेका ड्रिपरखाली ओला ठिपका उमटला, रुपयाएवढा, मग बशीएवढा. तो ओळीने मोजत गेला. एकही बुजलेला नव्हता. आबा खुर्चीत बसून बघत होते. आता लॉन नको, असं म्हणायचं त्यांना सुचलं नाही, किंवा गवताची गाडी आधीच निघाली होती म्हणून ते म्हणाले नाहीत.

मी पाणी प्यायला आत गेले आणि न पिताच उभी राहिले. ओट्यामागच्या भिंतीवर खळीचे चार डाग होते. पान तिने बरोबर नेलं की चुलीत घातलं, कळायला मार्ग नव्हता. चूल अजून गरम होती. मी राख उकरून पाहिली नाही.