टू सेव्हन्टी की सिक्स फाइव्ह?

दुर्बीण म्हटलं की मित्रांनो, तुम्हाला जहाजावरचा कप्तान आठवत असेल, नाहीतर गडावरचा सरदार. माझ्या नशिबी दोघंही नव्हते. मी जुनी असले तरी माझं सगळं आयुष्य सिंगापूरच्या संगणक इंजिनियरांच्या गळ्यात लटकून गेलं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार करायची तर आधी काहीतरी वाटावं लागतं, आणि मला हल्ली फारसं काही वाटत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी भिंगं बसवली. दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिसेपर्यंत त्या स्क्रू फिरवत राहिल्या, मग त्यांनी मला डब्यात घातलं. दोन हजार बारा साली शिरीषने मला विकत घेतलं. शिरीष पुण्याचा, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या कचेरीत संगणकाच्या कामाला. शेजारच्या खुर्चीवर त्याचा जिवलग मित्र प्रताप बसायचा. दोघांना शिकारीचं वेड होतं. आता शिकारी म्हणावं, तर दोघांनी मिळून आजवर एक झुरळही धडपणे मारलेलं नव्हतं. पण न्यूझीलंडला जाऊन डोंगरावरचं लाल हरीण मारायचं, हे त्यांचं पक्कं होतं. तिथे हरणं बाहेरून आणून सोडलेली आहेत आणि ती जंगल खाऊन टाकतात, म्हणून शिकारीला परवानगी मिळते.

रविवारी संध्याकाळी ते मला घेऊन सिंगापूरच्या उत्तरेला, रानालगतच्या मंडाई रस्त्याला जायचे. कधीमधी तिथे रानातून सांबर बाहेर यायचं. शिरीष मला डोळ्यांना लावायचा आणि विचारायचा, "किती मीटर?"

"दोनशे," प्रताप म्हणायचा.

"हॅट्! दीडशेच्या वर असेल तर कॉफी माझी."

सांबर पळालं की दोघं पावलं मोजत तिथवर जायचे. परतताना शिरीष मऊ फडक्याने माझी भिंगं पुसायचा आणि म्हणायचा, "ही आहे म्हणून दिसतंय बाबा." ते माझे कौतुकाचे दिवस होते.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, कॅलिबर, म्हणजे बंदुकीच्या गोळीचं माप, कोणतं घ्यायचं. मित्रांनो, गोळी नळीतून सुटली की लगेच खाली पडू लागते. जी वेगात जाते ती कमी खाली येते. तिला हे लोक 'फ्लॅट' म्हणतात. गोळी फ्लॅट असेल तर लांबच्या हरणाचं अंतर थोडंफार चुकलं तरी नेम साधतो. शिरीष म्हणायचा टू सेव्हन्टी. प्रताप म्हणायचा सिक्स फाइव्ह. मधूनच सेव्हन मॅगचं नाव निघायचं. ती सगळ्यांत फ्लॅट, पण खांद्याला असा धक्का देते की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. बंदूक तिथे गेल्यावर भाड्याने घ्यायची होती. परवाना नाही, तिकीट नाही, नुसती बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

एका रविवारी शिरीषला चढ चढवेना. तो रस्त्याच्या कडेलाच बसला. त्याने मला प्रतापच्या गळ्यात घातलं आणि म्हणाला, "तू ने घरी. पुढच्या रविवारी घेतो." तो रविवार आलाच नाही. शिरीषच्या रक्तात आजार निघाला आणि त्याला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात दाखल केलं.

प्रतापचं घर बुकित पंजांगला. त्याने मला चामड्याच्या पेटीत घालून कपाटावर ठेवलं. शिरीषकडे माझ्यासाठी आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट होतं. इथे होती फक्त सिंगापूरची दमट हवा. पण कपाटावरून मला ऐकू सगळं यायचं.

थोड्याच दिवसांत शिरीषचा मेसेज आला. प्रतापने तो बायकोला, नंदाला, वाचून दाखवला. "खिडकीतून लांबची झाडं दिसतात. दुर्बीण आण. आणि कॅलिबर फायनल कर. मी बरा झालो की निघू."

झालं. प्रतापने ते काम म्हणून घेतलं. त्यांच्या कचेरीत एक रीत होती. अर्धवट काम घेऊन कुणापुढे उभं राहायचं नाही. आधी फायनल, मग भेट. तो रोज संध्याकाळी संगणकापुढे बसू लागला. तीनशे मीटरवर कोणती गोळी किती खाली जाते, वारा तिला किती ढकलतो, खांद्याला धक्का किती. तो शिरीषला आलेख पाठवायचा. शिरीष उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवायचा.

प्रताप जेवत होता, आंघोळ करत होता, कामाला जात होता. हसत नव्हता, रडत नव्हता. तो आतून बधिर झाला होता आणि कॅलिबर हे त्याचं पांघरूण होतं. त्याची लेक जाई एकदा वैतागून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट चूज लाह! डियर ऑल्सो डोन्ट केअर!"

नंदा त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करायची. ती जेवणाच्या सुट्टीत शिरीषला भेटून यायची. ती म्हणाली, "दुर्बीण दे, मी नेते."

"नको. मीच नेणार. फायनल झालं की जातो."

"तो कॅलिबरचं विचारत नाही रे. तुझं विचारतो."

प्रतापने पुढचा तक्ता उघडला. संगणकावर बोटं चालत राहिली. माझ्या भिंगांवर पांढरे धागे पसरत होते आणि मला त्याचंही काही वाटत नव्हतं. ज्या दुर्बिणीतून कुणी बघत नाही, तिने स्वच्छ राहून तरी काय करायचं?

असे काही महिने गेल्यावर एक दिवस नंदा कामावरून लवकर आली. पर्स खाली न ठेवता म्हणाली, "प्रताप, रिपोर्टांबद्दल मला काही सांगता येत नाही, तसा नियम आहे. तू फक्त आज चल."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि मला खाली काढलं. एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या रेल्वेच्या, काचा इमारतींजवळ पांढऱ्या होतात, कुणाच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. प्रताप त्या पांढऱ्या काचेकडे बघत बसला. काच पुन्हा स्वच्छ झाली तरी त्याची नजर हलली नाही. मी त्याच्या मांडीवर होते.

खोलीत शिरीषजवळ त्याची बायको संजीवनी बसली होती. शिरीषचा नुसता सांगाडा उरला होता. प्रताप दारातच थांबला आणि घाईघाईने बोलू लागला.

"सिक्स फाइव्ह. फायनल. सेव्हन मॅगपेक्षा थोडी खाली जाते, पण धक्का कमी, नेम हलत नाही. तुझी टू सेव्हन्टीही वाईट नाही, म्हणजे वाऱ्याचा विचार केला तर..."

"बरं," शिरीष म्हणाला. "सिक्स फाइव्ह. आता आत ये."

संजीवनी म्हणाली, "रोज दाराकडे बघायचा तो, प्रताप." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शिरीषने मला दोन्ही हातांनी उचललं, डोळ्यांना लावलं आणि खिडकीकडे वळवलं. इतक्या महिन्यांनी मला माझ्या माणसाचे डोळे मिळाले. आणि मी त्याला काय दाखवलं? नुसतं पांढरं. झाडं नाहीत, आभाळ नाही.

"बुरशी धरली की रे हिला," तो म्हणाला. त्याचे हात दमले. मी चादरीवर टेकले. "असू दे. तू बघ आणि मला सांग."

प्रताप खिडकीशी गेला. "एक क्रेन आहे. मागे झाडं आहेत. बरीच." तो परत आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि शिरीषच्या पावलावर हात ठेवून रडू लागला. तोंड न झाकता रडला. शिरीष त्याचं मनगट धरून बसला. मग म्हणाला, "लवकर आला असतास तर टू सेव्हन्टी पटवली असती तुला."

त्याच आठवड्यात शिरीष गेला. एवढ्या महिन्यांत प्रताप त्याला एकदाच भेटला.

पुढे नंदाने मला सिटी हॉलजवळच्या दुकानात देऊन साफ करून आणलं. आता माझ्यातून लांबच्या डोंगरावरचं पानसुद्धा स्वच्छ दिसतं. प्रताप मला अजून डोळ्यांना लावत नाही. आता इथेही माझ्यासाठी कोरडं कपाट आणलंय, त्यात मी सुखरूप आहे. सुखरूप असणं म्हणजे काय, ते मला नीट कळलेलं नाही.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. दुर्बीण दमट जागी ठेवू नका, तिला अधूनमधून हवा दाखवा. आणि कुणी आजारी माणसाने ती मागितली, तर आहे तशी, त्याच दिवशी घेऊन जा.