कोंब आलेले कांदे

कुंदनदादाने चष्मा कपाळावर चढवला, छापील चित्र एका हातात धरलं आणि हर्षालीच्या कॅनव्हासवर कोपऱ्यापासून नजर फिरवायला सुरुवात केली. सातपूरच्या त्याच्या शेडमध्ये युरोपातल्या जुन्या चित्रांच्या नकला हाताने रंगवल्या जात. हॉटेलं घेत, धरणाकडच्या वायनरी घेत. हर्षालीला तिथे काम हवं होतं आणि व्हॅन गॉगचं कांद्यांचं चित्र ही तिची चाचणी होती. जमलं तर ती नाशिकला राहणार. नाहीतर नामपूरला परत जाऊन मामाच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं.

"मेणबत्ती झकास. पाइपही चांगला आलाय," तो म्हणाला आणि थांबला. "कोंब कुठायत?"

"कुठले कोंब?"

त्याने छापील चित्र तिच्यापुढे धरलं. ताटलीतल्या कांद्यांतून हिरवे कोंब चांगले वर आले होते. तिच्या कांद्यांना एकही नव्हता. गोल, घट्ट, सुकल्या मानेचे. बाजारात नेले तर चढ्या भावाने जातील असे.

हर्षालीचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पेन्सिलीने आखताना तिने कोंब काढले होते. रंग देताना हात त्यांना सोडून पुढे गेला होता. लहानपणापासून ती कांदा साठवायच्या चाळीसमोर बसून कांदा निवडत आली होती. कोंब दिसला की कांदा बाजूला. त्यासाठी हाताला कधी विचार करावा लागला नव्हता.

"अगं, तू नक्कल करतेस की माल निवडतेस?" कुंदनदादा हसला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक शेजारी मोबाइल धरून बघतं. उद्या संध्याकाळपर्यंत नीट करून आण. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल मला."

कॅनव्हास खोलीवर आणून तिने कोंब रंगवले. ते टोपीत खोचलेल्या पिसांसारखे दिसायला लागले. ओले होते तोवरच पुसून टाकले, पुन्हा रंगवले, पुन्हा पिसंच.

सकाळी तिने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे कोंब आलेले कांदे मागितले. "ताई, चांगले आहेत की माझ्याकडे!" तो दुखावून म्हणाला. शेवटी टोपलीच्या तळातले काही त्याने फुकटच दिले.

ताटलीत मांडून ती बघत राहिली. कोंब कांद्यावर बसलेला नव्हता. तो आतून मान फाकवत आला होता. साल सैल पडली होती, अंग पोचट झालं होतं. नुसते कोंब काढून भागणार नव्हतं. कांदेच नव्याने रंगवायला हवे होते.

दुपारी तिची आई, कुसाबाई, नामपूरहून आली. वेळ पडली तर सामान बांधायला हात असावा म्हणून.

"हर्षे, शहरात येऊन असले कांदे खाती व्हय गं?" तिचा हात ताटलीकडे गेलाच.

"आई, नको ना! ते बघून काढतेय मी."

कुसाबाई चित्राजवळ जाऊन उभी राहिली. "ह्या बाबाला कुणी बरे कांदे दिले नाय?"

"हे काढलं तेव्हा तो नुकताच दवाखान्यातून घरी आला होता. एकटाच होता."

"मग बरोबर. तो तिकडं खाटेवर, कांदे इकडं टोपलीत. घर बंद राहिलं की कोंब येणारच."

हर्षालीने पुढच्या कांद्याची कड ओल्या कुंचल्याने आत घेतली. कांदा थोडा ढिला पडला. कोंब काढला, आणि या वेळी तो तिथलाच वाटला.

संध्याकाळी दोघी शेडमध्ये गेल्या. कुंदनदादा मेणबत्तीपाशी थांबला नाही, थेट कांद्यांवर आला. बराच वेळ छापील चित्र आणि कॅनव्हास बघत राहिला.

"सोमवारपासून ये," तो म्हणाला. "आणि ते खरे कांदे घेऊन ये. याच चित्राची अजून एक ऑर्डर आहे."

हर्षालीने आईकडे बघितलं.

"ते झुणक्यात गेले," कुसाबाई म्हणाली. "कोंबासकट."