अंताद्झेच्या सोनाटातली शांतता

कपाटातले पेले किणकिणले.

बराच वेळ बाहेर काही फुटलं नव्हतं, इतका की स्टोव्हवरच्या राजम्याची रटरट तेओनाला ऐकू येत होती. आणि मग ती बारीक किणकिण. तोफेचा आवाज माणसांना नंतर ऐकू येतो, पेल्यांना आधी कळतं. तिने हातातला डाव ओट्यावर टाकला, ओले हात झग्याला पुसले आणि पियानोकडे धाव घेतली. तिची लेक सालो टेबलाखालून रांगत तिच्या आधीच तिथे पोचली होती.

"कुठला वाजवू?"

"मोठा," सालो म्हणाली. "अंताद्झेआजोबांचा."

पलीकडच्या रस्त्यावर तोफगोळा फुटला, त्याच क्षणी तेओनाचा डावा हात खालच्या सुरांवर कोसळला. बाहेरचा धमाका कुठला आणि घरातला कुठला, हे पाच वर्षांच्या पोरीला सांगता येऊ नये एवढाच सगळा डाव होता. खिडकीची काच थरथरली तर पियानोमुळे थरथरली. छताचा चुना गळला तर आईने जोर लावला म्हणून गळला. सालो सुरांच्या पट्टीखाली गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि वरून धो धो कोसळणारा आवाज अंगावर घेत हसायची.

सोलोलाकी मोहल्ल्यातल्या त्या अंगणात हे तेओनाने एकटीने सुरू केलेलं नव्हतं. लाकडी सज्जांनी चहूबाजूंनी वेढलेलं अंगण, घरटी एक पियानो, आणि नोव्हेंबरपासून विजेचा पत्ता नाही. डिसेंबरात तिबिलिसीची माणसं आपल्याच शहरावर, तिबिलिसीवर, तोफा डागायला लागली, तेव्हा ज्यांच्या घरी लहान मूल होतं ते वाजवायला बसले. पहिल्या आठवड्यात नावाजलेले सगळे तुकडे संपले. रोज तेच ऐकून लोक कंटाळले. मग पेट्यांच्या तळातून, माळ्यांवरून विस्मरणात गेलेल्यांची पानं निघाली. ज्यांचे फोटो कुठल्याच भिंतीवर नाहीत, ज्यांच्या नावाने गल्लीसुद्धा नाही, अशांची.

यावर अधिकारवाणीने बोलणारा अंगणात एकच माणूस होता, खालच्या मजल्यावरचा शालवाकाका. त्याने आयुष्यभर ऑपेराच्या दाराशी तिकिटं फाडली होती आणि बंद दाराला कान लावून संगीत ऐकलं होतं. स्वतःचा पियानो त्याने शरद ऋतूतच पिठाच्या पोत्यांवर देऊन टाकला होता. आता तेओनाच्या पियानोवर तो आपलाच हक्क समजायचा. तुकडा संपला की झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा. आवडला तर दोनदा. नाही आवडला तर सरळ सज्जात येऊन बोंब मारायचा.

"तेओ, ए मुली, तुझा डावा हात आज उपाशी आहे का?"

"पीठ तुमच्याकडे आहे काका. पाठवा त्याच्यासाठी एखादी मक्याची भाकरी."

"पाठवतो. पण आधी तो कळस नीट चढवून दाखव. निम्म्या शिडीवरून खाली उतरलीस तू."

"बाहेर धाडधाड चाललंय, आणि तुम्हाला तेवढ्यात निम्मी शिडी बरी कळली."

"नावाजलेल्यांचा कळस कसा असतो सांगू? सासरच्या पाहुण्यासारखा. कधी येणार ते सगळ्यांना ठाऊक, दार आधीच उघडं. हे विसरलेले लोक मात्र दरोडेखोर. कुठून घरात घुसतात आणि कधी मानेवर सुरी ठेवतात, पत्ता लागत नाही. म्हणून मला हेच आवडतात." आतून त्याची बायको नुनू ओरडायची, "म्हातारबा, आत या, गोळी काय तुमचं भाषण संपायची वाट बघणार आहे?"

शालवाकाकाचा सगळ्यांत लाडका दरोडेखोर म्हणजे हा अंताद्झे. ग्रिगोल अंताद्झे म्हणजे तेओनाला पियानो शिकवणाऱ्या बाईंचा गुरू. त्याची सोनाटा एकदाच छापली गेली, ती याच शहरात, आणि परीक्षकसुद्धा ती ऐकायचं टाळत. शेवटच्या पानावर दोन्ही हात पट्टीच्या दोन टोकांकडून एकमेकांवर चालून येतात. घोडेस्वारांच्या दोन टोळ्या भिडाव्यात तसे. मधल्या सुरांवर कापाकापी होते, बोटावर बोट चढतं, नख निघतं. वाजवणाऱ्याला वाटतं की आता यापुढे आवाजच उरलेला नाही. आणि तिथे, ऐन कळसाच्या तोंडाशी, अंताद्झेने काहीच लिहिलेलं नाही. रिकामी जागा. छाती भरून श्वास घ्यावा आणि सोडावा एवढी शांतता. त्यानंतर शेवटचा घाव.

परीक्षेच्या भीतीने तेओनाने एकदा ती जागा घाईत उरकली होती. बाईंनी शिसपेन्सिल उभी धरून तिच्या बोटांच्या पेरांवर मारली होती. "ही जागा वाजवायची असते, गाळायची नसते." तेव्हापासून तिने ती कधीच गाळली नाही. बाळंतपणानंतर हात विसरले, वेग गेला, पण ती जागा नाही. शालवाकाका त्या जागेवर खाली झाडू उगारून, श्वास रोखून उभा राहायचा, हे नुनूनेच हसत हसत सांगितलं होतं.

आज मात्र तेओनाला त्या जागेची भीती वाटत होती.

कारण पियानोमागे तिचा भाऊ होता.

ओतार परवा छतावरून आला होता, सालो खाली नुनूकडे झोपलेली असताना. अंगात ताप, ओठ फुटलेले. शाळेजवळच्या आघाडीवरून तो पळाला होता. बंदूक त्याने मट्क्वारी नदीत फेकून दिली होती. "ताई, समोरच्या खिडकीत आमच्याच वर्गातला पोरगा होता," एवढंच तो म्हणाला आणि खोकायला लागला. तो खोकला काही केल्या थांबेना. पियानोच्या पाठीशी भिंतीत जुनी, वापरात नसलेली शेकोटी होती, एक माणूस कसाबसा बसेल एवढा कोनाडा. तिने पियानो ओढला, त्याला आत बसवलं, पियानो पुन्हा लावला. पळून आलेल्याला त्याचेच सोबती शोधतात आणि सापडला की भिंतीशी उभा करतात, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सालोला तिने काही सांगितलं नव्हतं. सालोच्या पोटात गोष्ट राहत नाही. नवरा कुताइसीला अडकलेला, आगगाड्या बंद. सांगणार तरी कोणाला?

ती वाजवत होती. दुसरा गोळा पडला, तिसरा. मानेला एकदम गार वारा लागला. दार उघडं होतं. बंदुकीच्या दस्त्याने कुलूप कधी फोडलं ते तिला ऐकूच आलं नव्हतं.

"थांबू नका, ताई," मागून कोणीतरी म्हणालं. "पुरं करा."

गोचा होता. ओतारचा लहानपणापासूनचा दोस्त. या घरात त्याने ओतारपेक्षा जास्त राजमा खाल्ला असेल. काळं जाकीट, खांद्यावर बंदूक, डोळे झोप नसल्याने लाल. वाजवणाऱ्याला आणि मेजवानीत पेला उंचावून बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही, ही सवय त्याच्यात अजून शाबूत होती. त्याच्याबरोबर लोकरी टोपी घातलेला एक आडदांड माणूस होता. त्याच्यात असली काही सवय नव्हती. त्याने कपाट उघडून एका झटक्यात सगळे पेले जमिनीवर ओढले.

"ओतार कुठे आहे, ताई?"

"तुझ्याबरोबर होता ना," ती न थांबता म्हणाली. "मी तुलाच विचारणार होते."

"वाजवता वाजवता खोटंही बोलता येतं तुम्हाला. मला तर आईने सात वर्षं बसवलं, पण धड एक गाणं आलं नाही."

"तू बोटं सपाट ठेवायचास."

तो हसला. पियानोच्या माथ्यावर त्याने तळहात ठेवला, लाकूड हादरत होतं ते अजमावत. टोपीवाला झोपायच्या खोलीत गेला. गादीत संगीन खुपसल्याचा आवाज आला, मग कापूस फाडल्याचा, मग मुरांब्याच्या बरण्या एकामागून एक भिंतीवर फुटल्या. सालो पट्टीखाली आईच्या पायाला घट्ट बिलगली.

दोन्ही हात टोकांकडे सरकले होते. शेवटचं पान आलं होतं.

आणि तेव्हा तेओनाच्या गुडघ्यांना ते जाणवलं. पुढच्या फळीत एक थरथर, जी तिच्या बोटांची नव्हती. लाकडाच्या पलीकडे ओतार तोंडात बाही कोंबून खोकत होता. उबळ आली होती आणि सुटत नव्हती. गोचाचा तळहात दोन वितींवर होता. अजून आवाजाच्या गदारोळात त्याला काही कळत नव्हतं. पण ती रिकामी जागा येत होती. मागे फिरून तेच पान पुन्हा वाजवावं, असं तिच्या मनात आलं, पण हातांनी ऐकलं नाही. हात इतक्या वर्षांच्या वाटेने निघाले होते. डावा वर चढला, उजवा खाली उतरला, दोघे भिडले, कापाकापी सुरू झाली. उजव्या करंगळीचं नख उलटलं आणि पांढऱ्या पट्टीवर लाल रेघ उमटली.

शांततेची जागा आली.

तेओनाने दोन्ही मुठी आवळल्या आणि पट्टीवर आदळल्या. पुन्हा. पुन्हा. खालच्या सुरांवर कोपरापर्यंतचा हात टाकला, वरून दुसरा. जे अंताद्झेने लिहिलं नव्हतं, जे कोणीच कधी लिहिणार नाही, ते ती वाजवत राहिली. एक तार आत तुटली, चाबूक ओढावा तशी. गुडघ्यांना लागणारी थरथर थांबेपर्यंत ती थांबली नाही. मग तिने शेवटचा घाव घातला आणि पायाखालचा पेडल दाबून ठेवला, आवाज पार मरेपर्यंत.

पियानोमागे काही हललं नाही.

"कोणाचं हे?" गोचाने विचारलं.

"कोणाचं नाही. जुनं आहे."

"भयंकर आहे." त्याने कपाळ पुसलं. "छान आहे."

झाडूचा ठोका आला नाही. एकही नाही. त्याऐवजी खालचं दार करकरलं. सज्जाच्या फळ्यांवर पावलं वाजली, मग जिन्यावर. आणि शालवाकाकाचा आवाज, नेहमीसारखाच, अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"तेओ, काय विकून खाल्लंस ते? अख्ख्या सोनाटात दम खायला तेवढी एकच जागा होती, तीही तू..."

टोपीवाला मुरांब्याने चिकट झालेले हात घेऊन खिडकीपाशी आला होता. बाहेर संध्याकाळ उतरत होती, अंगण धुराने भरलेलं. जिन्यावर लांब कोट घातलेला एक माणूस, हातात काहीतरी लांब. टोपीवाल्याने काचेतूनच गोळी झाडली. मग आणखी एक. जिन्याच्या लाकडावरून काहीतरी जड, थांबत थांबत, खाली गेलं.

गोचा खिडकीशी धावला. त्याने बंदुकीची नळी धरून खाली दाबली.

"कोण होता?"

"शेजारी," तेओना म्हणाली.

"हातात काय होतं?"

"झाडू."

टोपीवाल्याने बोटं चाटली. गोचा दारापर्यंत गेला, वळला. काही बोलणार असं वाटलं. त्याची नजर पियानोवर होती, की त्या लाल रेघेवर, तिला कळलं नाही.

"राजमा करपतोय, ताई," तो म्हणाला, आणि दोघे मागच्या गल्लीने निघून गेले.

तेओना उठली. कठड्याला धरून ती जिना उतरली. नको म्हटलं तरी सालो मागून आलीच. खालच्या पायरीशी नुनू बसली होती, शालवाकाकाचं डोकं मांडीवर घेऊन. त्याच्या कोटातून वाफ निघत होती. पायऱ्यांपासून अंगणातला बर्फ लाल होत चालला होता. आजूबाजूच्या सज्जांतली दारं किलकिली झाली, पण पुढे कोणी आलं नाही. तोफा थांबल्या होत्या.

तेओनाने बसून त्याचा हात हातात घेतला. गरम होता अजून. तळव्याला झाडूच्या दांड्याचे घट्टे.

"मी म्हटलं, बसा," नुनू म्हणाली. ती रडत नव्हती. भाजीला उशीर झाला असं सांगावं तशी सांगत होती. "म्हणाले, नाही. आज पोरीने ती जागा गाळली. कधी नाही गाळली, आज गाळली. सांगायला हवं तिला, म्हणाले, नाहीतर सवय लागेल."

नुनूने मान वर केली. तिच्या डोळ्यांत प्रश्न नव्हता, नुसतं पाहणं होतं. तेओनाच्या तोंडाशी शब्द आले. वरची खिडकी फुटलेली, सगळं अंगण कान देऊन उभं, आणि गल्लीच्या टोकाला अजून बुटांचे आवाज. तिने ओठ दाबून धरले.

सालोने आईचा झगा ओढला. तिला बर्फात उभं राहून थंडी वाजत होती, पण आवाज अगदी नेहमीचा होता, मोठ्यांची चूक पकडणाऱ्या मुलाचा असतो तसा.

"आई, तिथे तर थांबायचं असतं," ती म्हणाली. "तू का नाही थांबलीस?"